पटेल असे लिहावे कसे? : निबंधलेखनाचा एक पाठ



जयंतीनिमित्त आपल्या संस्थेतर्फे निबंध स्पर्धा घेतली जाते आणि आलेल्या वह्या तपासण्याचे काम बहुधा आमच्याकडे येते. आम्ही बँकेत कारकुनी करणारे, साहित्याचे प्राध्यापक नव्हे. कला शाखेची पदवी घेताना मराठी विषय होता, एवढीच आमची शिदोरी. परंतु बँकेच्या खिडकीवर बसून आम्ही हजारो अर्ज वाचले आहेत. कोणाला कर्जाचा हप्ता पुढे ढकलून हवा असतो, कोणाला वारलेल्या वडिलांच्या खात्यातली रक्कम हवी असते. अर्ज दोन-दोन पाने भरलेला असतो, त्यात 'सेवेशी' असते, 'वरील विषयास अनुसरून' असते, घरची सगळी हकीकत असते. पण नेमके मागणे काय, ते दुसऱ्या पानाच्या तळाशी कोठेतरी सापडते आणि त्याला आधार म्हणून जोडलेला कागद भलताच निघतो. माणसाचे म्हणणे खरे असते, तरी त्याचे काम अडते. आमच्याकडे येणाऱ्या निबंधांची अवस्था याहून फार वेगळी नसते, म्हणून हा पाठ लिहिण्याचे योजले.

शाळेत निबंधाचे पुष्कळ प्रकार शिकवतात. पावसाळ्यातील एक दिवस, फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त वगैरे. त्यांच्याविषयी येथे काही सांगायचे नाही. ज्याला दहावीच्या कृतिपत्रिकेत 'वैचारिक लेखन' म्हणतात आणि ज्याच्यासाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते (ती मराठीतूनही लिहिता येते, हे आपल्या पुष्कळ मुलांना ठाऊकच नसते), त्या निबंधाविषयी आम्ही बोलत आहोत. यात आपले मत मांडायचे असते आणि ज्याला ते मान्य नाही अशा वाचकाला ते पटवून द्यायचे असते. 'पटवून देणे' हे यातले खरे काम आहे. ज्याला आधीच पटले आहे त्याच्यासाठी दोन पाने खर्ची घालण्यात अर्थ नाही.

त्यामुळे पहिली परीक्षा विषयाचीच करावी. 'स्वच्छतेचे महत्त्व' या विषयावर वाद घालणार तरी कोण? अस्वच्छता चांगली असे म्हणणारा माणूस ठाणे जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. याउलट 'लोकलच्या सर्व डब्यांना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवावेत काय?' हा विषय घ्या. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या गाड्यांतून प्रवासी पडून मृत्युमुखी पडले, तेव्हापासून दिवा, डोंबिवली, कल्याणच्या प्रत्येक घरात हा वाद झाला आहे. दरवाजे हवेत म्हणणाऱ्याला जीव वाचवायचा आहे. नकोत म्हणणाराही निर्दय नाही. बंद डब्यात गर्दीने गुदमरण्याची त्याला भीती वाटते, आणि दरवाजे लावल्याने गर्दी कमी होत नाही हे त्याचे म्हणणे खोटे नाही. दोन समंजस माणसे ज्यावर वेगवेगळे बोलू शकतात, तो निबंधाचा विषय. मग आपले मत एका वाक्यात लिहून काढावे. ते एका वाक्यात मावत नसेल तर आपल्यालाच ते अजून नीट कळलेले नाही असे समजावे आणि लेखणी खाली ठेवून थोडे फिरून यावे.

आता हे शिकायचे कोणाकडून? बाजारात निबंधांची पुस्तके ढिगाने मिळतात. ती पाठ करून मुले परीक्षेला बसतात आणि तीच ती वाक्ये आम्हाला चाळीस वह्यांत वाचावी लागतात. मराठी निबंधाचा इतिहास शिकवताना विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'चे नाव आदराने घेतात. ती १८७४ साली सुरू झाली. पण त्याच्या १९ वर्षे आधी, म्हणजे १८५५ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत, 'ज्ञानोदय' या नियतकालिकात एका शाळकरी मुलीचा निबंध दोन भागांत छापून आला होता. मुलीचे नाव मुक्ता साळवे. जात मांग. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत ती शिकत होती. विषय होता मांग आणि महार लोकांचे दुःख. आमच्या मते पटवून देणारा निबंध कसा असावा हे ज्याला शिकायचे आहे, त्याने तेथून सुरुवात करावी.

ही मुलगी काय करते ते नीट पाहा. वेद ही फक्त आमची मत्ता आहे, इतरांनी ते पाहूही नयेत, असे ब्राह्मण पंडित म्हणत. मुक्ता त्यांच्याशी वेद चांगले की वाईट यावर भांडत बसत नाही. ती त्यांचे म्हणणे जसेच्या तसे उचलते आणि पुढे चालवते. वेद तुमचेच असतील तर आमच्यापाशी धर्मपुस्तक नाही हे उघड झाले. धर्मपुस्तक नसेल तर आम्ही धर्मरहित ठरलो. मग आमचा धर्म कोणता, तो तरी सांगा. आता पंडितांची पंचाईत होते. वेद तुमचेही आहेत असे म्हणावे तर मक्तेदारी जाते, नाहीत म्हणावे तर धर्माच्या नावाने यांच्यावर हुकूम चालवण्याचा अधिकार जातो. प्रतिपक्षाचेच विधान हाती घेऊन ते कोठे नेऊन सोडते हे दाखवणे, ही युक्तिवादातील फार बळकट रीत आहे. तर्कशास्त्राच्या पुस्तकात तिला मोठे नाव असेल. मुक्ताने ते पुस्तक पाहिले असण्याचा संभव नाही.

दुसरी गोष्ट. आपली मुले लिहितात, 'दलितांची स्थिती अत्यंत हलाखीची होती.' हे वाक्य वाचून कोणाच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? काहीच नाही. मुक्ता लिहिते ते बाळंत होणाऱ्या बायांविषयी, ज्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसे आणि ज्यांना पावसाथंडीत तशाच अवस्थेत दिवस काढावे लागत. ती लिहिते त्या मुलांविषयी, ज्यांना ब्राह्मणांच्या मुलांनी दगड मारून रक्तबंबाळ केले तरी ती घरी येऊन गप्प राहत; कारण तक्रार केली तर उष्टे अन्न मागायला त्याच घरी कोणत्या तोंडाने जायचे? या एका तपशिलात गरिबी आली, मारहाण आली आणि मुकेपणाचे कारणही आले. 'हलाखी' हा शब्द तिला लिहावा लागत नाही. तिसरे म्हणजे, शेवटी ती वळते ती आपल्याच लोकांकडे आणि त्यांना करता येईल असे एक काम सांगते : या दुखण्यावर विद्येचे औषध घ्या. हा निबंध मिळवून प्रत्येकाने वाचावा. तो फार मोठा नाही, एका बैठकीत वाचून होतो.

लिहिण्यापूर्वी वाचक कोण हे ठरवावे लागते. याचा धडा १९३६ च्या मे महिन्यातील आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी बाबासाहेबांनी इंग्रजीत भाषण लिहिले. मंडळाला त्यातील काही भाग नको होता. स्वल्पविरामही बदलणार नाही असे बाबासाहेबांनी कळवले, परिषद झाली नाही आणि ते भाषण त्यांनी मे १९३६ मध्ये पुस्तकरूपाने स्वतः छापले. तेच 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. वाचक होते सवर्ण समाजसुधारक. म्हणून त्यात इतिहास आहे, शास्त्रांची चर्चा आहे, कोलंबिया विद्यापीठातील आपले गुरू जॉन ड्युई यांचा आधार आहे. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला दादरच्या महार परिषदेत त्यांनी मराठीत भाषण केले, जे 'मुक्ती कोन पथे?' या नावाने आपण ओळखतो. समोर आपली कष्टकरी माणसे. येथे मुलाला शाळेत घालणे, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरणे, नवरदेवाला घोड्यावर बसवणे, एवढ्यावरून गावात काय घडते येथून विषय उलगडत जातो. लेखक एक, महिना एक, निष्कर्षांचे नातेही जवळचे; पण वाचक बदलला म्हणून दाखले बदलले, भाषा बदलली. तेव्हा निबंध परीक्षकासाठी लिहिताय, नगरसेवकाला देण्यासाठी लिहिताय की आपल्या आईला पटवण्यासाठी, हे आधी ठरवा.

प्रतिपक्षाचे काय करायचे, हा भाग आमच्या अनुभवाने मुलांना सर्वांत जड जातो. त्यांना वाटते, विरुद्ध मत लिहिले की आपली बाजू लंगडी होईल. बाबासाहेबांची रीत पाहा. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणीच आहे असे तिचे समर्थक म्हणत. बाबासाहेब आधी मान्य करतात की सुधारलेल्या कोणत्याही समाजाला श्रमविभागणी लागतेच. एवढे मान्य केल्यावर ते विचारतात, येथे कामाची वाटणी झाली आहे की काम करणाऱ्या माणसांची? ती माणसाच्या आवडीने आणि कुवतीने झाली आहे की जन्माने? या कप्प्यांना एकाखाली एक असे का रचले आहे? समर्थकाच्या म्हणण्यात जेवढे खरे होते तेवढे घेतले आणि उरलेले त्याच्यापुढे उघडे करून ठेवले. त्या पुस्तकाच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली. १९३७ साली दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाबासाहेबांनी ती टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि खाली आपले उत्तर दिले. वाचकाने दोन्ही वाचावे आणि ठरवावे. आपले म्हणणे ज्याने सर्व बाजूंनी तपासले आहे तोच असे धाडस करतो. जोतीरावांनीही १८७३ च्या 'गुलामगिरी'त धोंडिबाला समोर बसवून त्याच्या तोंडी शंका घातल्या आहेत. वाचकाच्या मनात येणारी शंका आधीच कोणीतरी बोलून दाखवतो, त्यामुळे वाचक पुढे वाचत राहतो.

रागाविषयी एक शब्द. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात राजा मिलिंद भन्ते नागसेनांना वादाचे आमंत्रण देतो. नागसेन विचारतात, पंडितांसारखा वाद करणार की राजांसारखा? पंडितांच्या वादात गुंता सोडवला जातो, चूक दाखवली जाते, ती मान्य केली जाते आणि कोणी रागावत नाही. राजा मात्र एक मत सांगतो आणि जो ते नाकारील त्याला शिक्षा फर्मावतो. आमच्याकडे येणाऱ्या वह्यांत राजे पुष्कळ असतात! 'अशा लोकांना भर चौकात फटके मारले पाहिजेत' असे लिहून निबंध संपतो. राग खरा असू शकतो, तो असावाही. मुक्ताच्या निबंधात तो पानोपानी आहे. पण तिथे आधी कारण येते, मग राग येतो.

पुराव्याच्या बाबतीत आम्ही मुलांना चेकचे उदाहरण देतो. चेकवर रक्कम अंकातही लिहावी लागते आणि अक्षरातही. दोन्हींचा मेळ बसला नाही तर चेक परत जातो. निबंधात मोठे विधान केले आणि पुरावा लहान दिला तर तोही असाच परत जायला हवा. महाडचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासावे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले, एवढे आपण दरवर्षी ऐकतो. पण त्यामागे कागद होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ सालीच संमत केला होता, आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला होता. म्हणजे हक्क कागदावर होता, बजावायचा बाकी होता. पुढे विरोधकांनी दावा लावला. तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव करण्याची प्रथा फार पुरातन आहे असे त्यांचे म्हणणे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला तो बाबासाहेबांच्या बाजूने, कारण ती प्रथा अनादी काळापासूनची असल्याचे विरोधकांना सिद्ध करता आले नाही. 'पूर्वीपासून असेच आहे' असे जो म्हणतो, त्याने ते दाखवायचे असते. निबंध लिहिताना असे वाक्य समोर आले की विचारावे : कधीपासून? कोणी लिहून ठेवले आहे?

याच न्यायाने स्वतःलाही विचारावे. आपल्या मुलांचा एकही निबंध वाघिणीच्या दुधाशिवाय पुरा होत नाही. ते वाक्य बाबासाहेबांच्या नावावर देताना ते कोठे आणि कधी म्हटले, हे कोणी लिहीत नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड प्रसिद्ध केले आहेत. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' तर पहिल्याच खंडात आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे. तेथे जाऊन ग्रंथपालांना विचारावे, खंड पाहावा, पान लिहून घ्यावे. पान सापडले नाही तर ते वाक्य बाबासाहेबांच्या नावावर खपवू नये. तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा ग्रंथात आहे म्हणून कोणतीही गोष्ट स्वीकारू नका. मोबाईलवर फिरत आलेल्या मजकुराला हे वचन अधिकच लागू पडते.

आता प्रत्यक्ष एक निबंध कसा घडला ते सांगतो. आमच्या रविवारच्या वर्गात बारावीतील एक मुलगी येते. वडील शहाडकडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर, घर दहा बाय बाराचे, त्यात पाच माणसे आणि एक टीव्ही. तिने विषय घेतला, 'विहाराच्या सभागृहात रात्रीची अभ्यासिका सुरू करावी.' पहिला मसुदा असा होता : आजच्या स्पर्धेच्या युगात अभ्यासिका ही काळाची गरज आहे, विद्यार्थी हे देशाचे आधारस्तंभ आहेत, समाजातील धुरीणांनी याकडे लक्ष दिले पाहिजे. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. आम्ही तिला एवढेच विचारले, "बाळ, याला नाही म्हणणारा कोण आहे?" ती पटकन म्हणाली, "खजिनदार काका." "का नाही म्हणतात?" तेव्हा खरा निबंध सुरू झाला.

खजिनदार काकांची कारणे ऐकून ये, असे तिला सांगितले. तिने ऐकून लिहून आणली. साखरपुडा, बारसे, हळद यांसाठी सभागृह भाड्याने जाते. त्या पैशांतून विजेचे बिल भागते आणि वर्षाकाठी रंगकाम होते. मुली रात्री उशिरा घरी जाणार, काही झाले तर जबाबदार कोण? शिवाय मागे एकदा मुलांनी अभ्यासाच्या नावाखाली कॅरम मांडला होता. ही कारणे ऐकून मुलगी हिरमुसली होती, कारण तिला ती खरी वाटली. आम्ही म्हटले, खरी आहेत म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवे. मग तिने आरक्षणाची वही पाहायची परवानगी मागितली. वर्षभराच्या नोंदी तारीखवार काढल्या, तेव्हा दिसले की बहुतेक कार्यक्रम शनिवार-रविवारी आणि लग्नसराईत होतात. सोमवार ते गुरुवार रात्री सभागृह जवळजवळ रिकामेच असते. तिची मागणी त्यामुळे आपोआप लहान आणि पक्की झाली : सोमवार ते गुरुवार, रात्री आठ ते साडेदहा. आरक्षण आले तर दोन दिवस आधी सांगावे, आम्ही जागा सोडू. दोन ट्यूब आणि दोन पंखे यांचा खर्च मुले वर्गणीतून देतील. मुली गल्लीनिहाय गटाने जातील आणि रोज दोन आया पाळीपाळीने बसतील. त्यांची नावे आणि सह्या सोबत. कॅरमबद्दल तिने लिहिले की ते घडले होते हे खरे आहे, म्हणून हजेरीची वही ठेवू आणि ती दर रविवारी काकांना दाखवू.

तिच्या दोन गल्ल्यांत दहावी-बारावीला बसणारी अकरा मुले होती. त्यांतील तिघे रात्री रेल्वे स्थानकाच्या फलाटावरील दिव्याखाली बसून वाचतात, हे तिने कोणतेही विशेषण न लावता लिहिले. हे वाक्य कोठे ठेवायचे यावर वर्गात बराच वाद झाला. एका मुलाचे म्हणणे, ते सुरुवातीलाच यावे. मुलीने ते काकांच्या शंकांना उत्तरे दिल्यानंतर ठेवले. तिचे कारण असे की आधी ठेवले तर काकांना वाटेल ही रडगाणे घेऊन आली, आणि ते वहीच्या नोंदी वाचणारच नाहीत. आम्हाला तिचे म्हणणे पटले. कार्यकारिणीच्या सभेत तो कागद मोठ्याने वाचला गेला. सभासदांचे दोन तट पडले, तासभर चर्चा झाली आणि तीन महिन्यांसाठी प्रायोगिक परवानगी मिळाली. प्रायोगिक हा शब्द खजिनदार काकांनी घालायला लावला. तीन महिन्यांनी वही पुन्हा तपासायची आहे.

भाषेबद्दल पुष्कळ मुले आम्हाला विचारतात. आपल्या वस्त्यांत कोणी विदर्भातून आलेले, कोणी खानदेशातून, कोणी मराठवाड्यातून, कोणी कोकणातून. घरची बोली वेगळी, पुस्तकातली वेगळी, आणि 'न' की 'ण' या धास्तीने मुले मनातले सोडून पाठ केलेले लिहितात. आमचा सल्ला असा की पहिला मसुदा बोलल्यासारखा लिहावा, हवे तर शेजारच्या ताईला सांगून मग कागदावर उतरवावा. ऱ्हस्व-दीर्घ नंतर सुधारता येते, परीक्षेत त्याचे गुणही जातात म्हणून ते सुधारावेच. पण जे वाक्य आपण आयुष्यात कधी तोंडाने बोलणार नाही, ते निबंधातही लिहू नये. मसुदा झाला की घरातील न शिकलेल्या माणसाला वाचून दाखवावा. आजी मध्येच "म्हणजे काय?" म्हणाली तर तेथे खूण करावी. बहुतेक वेळा दोष आजीचा नसतो.

या वर्षीच्या स्पर्धेसाठी तीन विषय ठेवले आहेत. लोकलच्या दरवाजांचा विषय वर आलाच आहे. दुसरा, जयंतीच्या खर्चातील ठरावीक वाटा पुस्तकांसाठी राखून ठेवावा काय? तिसरा, आपल्या मुलांना मराठी माध्यमात घालावे की इंग्रजी? तिन्ही विषयांवर आपल्याच सभासदांत दोन तट आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. शब्दमर्यादा ६००. निबंधासोबत एक वेगळा कागद जोडायचा आहे : आपल्या मताच्या विरुद्ध असलेल्या एका ओळखीच्या माणसाशी बोलून त्याची कारणे त्याच्याच शब्दांत लिहावीत, आणि त्याला तो कागद वाचून दाखवून 'माझे म्हणणे बरोबर लिहिले आहे' अशी त्याची सही घ्यावी. सही नसलेला निबंध तपासला जाणार नाही.